क्लोरीन भरपूर, तरी पाणी हिरवं: खान्देशातल्या उन्हाळ्यात पूल सांभाळायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्याजवळ शेतात फार्महाऊस, ३० बाय १५ फुटाचा पूल, सरासरी साडेचार फूट खोल. पाणी बोअरचं, मागच्या वर्षीचंच. रोज क्लोरीनची एक मोठी गोळी टाकायचे, पाणी हिरवं व्हायला लागलं तेव्हापासून दोन टाकतात. किटमध्ये रंग चांगला पिवळाजर्द येतो म्हणजे क्लोरीन आहे, तरी दुपारपर्यंत भिंतींवर शेवाळ आणि पाणी गढूळ. दुकानदार म्हणतो अजून डबल करा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) पाहुणे येणार आहेत, काय करू? तुरटी किंवा मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू का?

भाऊ, पहिलं सांगतो, डबल करू नका. गोळी आजपासून बंद करा. तुमचा पूल क्लोरीन कमी पडून हिरवा झालेला नाहीये, त्या गोळीसोबत जे दुसरं काहीतरी पाण्यात जातंय ना त्याने झालाय. मी वीसेक वर्षं जळगाव, भुसावळ, शिरपूर, शहादा ह्या भागात पूल बघतोय, हॉटेलचे, सोसायटीचे, शेतातले. होळी झाली की मला जे फोन चालू होतात त्यातले निम्मे हेच असतात, "भाऊ, पानी हिरवंगार व्हई गयं, गोया तं रोज टाकतो".

आता हे नीट समजून घ्या, थोडं लांबेल पण एकदा समजलं की दुकानदाराची गरज राहत नाही.

पाण्यातल्या क्लोरीनला ऊन खातं. उन्हातले अतिनील किरण त्याला तोडतात. नुसतं लिक्विड क्लोरीन, म्हणजे हायपो, सकाळी नऊला टाकलं आणि आपलं एप्रिल-मेचं ऊन असलं तर तासाभरात निम्म्याहून जास्त उडतं, दोन-तीन तासांत जवळपास काहीच उरत नाही. म्हणून त्यात स्टॅबिलायझर टाकतात, सायन्युरिक अॅसिड नाव त्याचं. हे क्लोरीनला धरून ठेवतं, ऊन लागू देत नाही. आपण मे महिन्यात शेतात जाताना डोक्याला रुमाल बांधतो ना, तसंच. पण एक रुमाल डोक्याला ठीक आहे, दहा रुमाल हातापायाला गुंडाळले तर ऊन लागणार नाही पण मग काम पण करता येणार नाही. स्टॅबिलायझर जास्त झालं की क्लोरीनचं हेच होतं, पाण्यात असतं, किटमध्ये दिसतं, पण शेवाळ मारायला मोकळं नसतं.

आणि तुमची जी पांढरी २०० ग्रॅमची गोळी आहे, टीसीसीए ९० लिहिलेलं असेल डब्यावर, तिच्यात क्लोरीन आणि स्टॅबिलायझर दोन्ही एकत्र येतात. क्लोरीन ऊन खातं, शेवाळ खातं, माणसाचा घाम खातो, संपून जातं. स्टॅबिलायझर मात्र कुठेच जात नाही. बाष्पीभवन झालं तरी ते पाण्यातच राहतं. गोळीतून १० पीपीएम, म्हणजे हजार लिटरला १० ग्रॅम, क्लोरीन गेलं की साधारण ६ पीपीएम स्टॅबिलायझर वाढतं.

तुमचाच हिशोब मांडू. ३० गुणिले १५ गुणिले साडेचार म्हणजे २०२५ घनफूट, एका घनफुटात २८.३ लिटर, झाले ५७ हजार लिटर, सोयीसाठी ६० हजार धरा. १ पीपीएम म्हणजे हजार लिटरला १ ग्रॅम, एवढं एक पाठ करून ठेवा, सगळं त्यावरच चालतं. म्हणजे तुमच्या पूलला १ पीपीएमसाठी ६० ग्रॅम क्लोरीन. २०० ग्रॅमच्या गोळीत १८० ग्रॅम, म्हणजे एक गोळी बरोबर ३ पीपीएम देते. त्यासोबत १.८ पीपीएम स्टॅबिलायझर. रोज एक गोळी धरली तर महिन्याला ५४. होळी ते आखाजी दीड महिना, ८१ झाले. त्यात तुम्ही मागच्या वर्षीचं पाणी बदललेलं नाही, आणि आता रोज दोन गोळ्या. माझा अंदाज तुमचं स्टॅबिलायझर १५० च्या आसपास किंवा वरच असेल. हवं असतं ३० ते ५०.

क्लोरीन किती ठेवायचं हे स्टॅबिलायझरवर ठरतं, हे कोणी सांगतच नाही, सगळे म्हणतात १ ते ३ ठेवा. आम्ही धरतो की स्टॅबिलायझरच्या साधारण साडेसात टक्के तरी मोकळं क्लोरीन कायम पाहिजे, त्याच्या खाली गेलं की शेवाळ धरतंच. ५० असेल तर ४ च्या खाली नको. १५० असेल तर ११ च्या खाली नको! आणि तुमचं किट ३ ला पिवळंजर्द होऊन जातं, म्हणून तुम्हाला वाटतं भरपूर आहे. शिवाय ते पिवळं होणारं किट सगळं क्लोरीन एकत्र दाखवतं, वापरून झालेलं पण, म्हणजे घाम-लघवीशी बांधलं गेलेलं, ज्याचा डोळ्याला झोंबणारा वास येतो ते. गुलाबी होणारं डीपीडी किट घ्या, त्यात मोकळं वेगळं आणि एकूण वेगळं कळतं. फक्त एक लक्षात ठेवा, क्लोरीन खूप जास्त असलं तर डीपीडीचा गुलाबी रंग येऊन लगेच उडून जातो किंवा दिसतच नाही आणि माणूस समजतो शून्य आहे. शंका आली तर नमुन्यात निम्मं बिसलेरीचं पाणी मिसळून परत बघायचं आणि आकडा डबल धरायचा.

स्टॅबिलायझरची टेस्ट वेगळी असते. नळीत पाणी आणि त्यांचं औषध घातलं की दूध टाकल्यासारखं होतं, आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा. सूर्याकडे पाठ करून, नळी सावलीत धरून वाचा, घरात ट्यूबलाइटखाली नको. नळीवर १०० च्या पुढे आकडे नसतात, म्हणून इथे पण निम्मं साधं पाणी मिसळून डबल करा. किट महाग वाटेल पण एका टँकरच्या भाड्यात येऊन जातं.

आता उपाय. स्टॅबिलायझर कमी करायचं औषध म्हणून काहीबाही विकतात, मी दोनदा पैसे घालवले आहेत, तुम्ही घालवू नका. पाणी काढा, नवीन भरा, हाच उपाय. १५० वरून ५० वर यायचं तर दोन तृतीयांश पाणी बदलावं लागेल, म्हणजे ४० हजार लिटर, दहा हजारी टँकर चार. मला माहीत आहे मे महिन्यात खान्देशात कोणाला ४० हजार लिटर पाणी सोडून द्या म्हणायला जीव होत नाही. पण गोळ्यांवर आणि कसल्या-कसल्या बाटल्यांवर जेवढा खर्च होतो त्यात ते निघून जातं, आणि पाणी वाया पण घालवायचं नाही, ते पुढे सांगतो. पूल पूर्ण रिकामा मात्र करू नका. ४५ डिग्रीत कोरड्या टाईल्स तडकतात, ग्राउट सुटतं, लाइनरचा (आतून प्लास्टिक लावलेला) असेल तर आक्रसून सांध्यात फाटतो. दोन टप्प्यात करा, आधी निम्मं काढा, भरा, पंप फिरवा, टेस्ट करा, मग परत एक तृतीयांश, असं टप्प्याने केलं की टँकर चारऐवजी पाच लागतात. सकाळी लवकर चालू करा.

काढलेलं पाणी चार दिवस टाकीत किंवा खड्ड्यात उन्हात पडू द्या, क्लोरीन संपल्याची टेस्ट करा, मग बांधावरच्या कडुलिंबाला, बाभळीला, नाहीतर रस्त्यावर धूळ बसवायला वापरा. केळीला चुकूनही देऊ नका, ह्या पाण्यात क्षार साठलेले असतात आणि केळीला क्षार सहन होत नाहीत, पानांच्या कडा जळायला लागतात.

टँकरवाल्याला विचारा पाणी कुठलं. हा आपल्याकडचा दुसरा मोठा विषय आहे. आपलं बोअरचं पाणी जड. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि ज्याने ठिबकच्या ड्रिपरच्या तोंडाला पांढरी खपली धरते, तेच पाणी पूलमध्ये जातं. उन्हाळ्यात रोज सेंटीमीटरभर तरी पाणी उडतं, गरम वारा सुटला तर जास्तच. सेंटीमीटर धरला तरी तीन महिन्यांत ९० सेंटीमीटर, तुमचा पूल आहे १३७ सेंटीमीटर खोल. म्हणजे दोन तृतीयांश पूल हवेत गेला आणि तेवढाच बोअरने परत भरला. वाफ गेली ती शुद्ध पाण्याची, चुना सगळा मागे राहिला. बोअरचा जडपणा ४०० असेल तर सीझनअखेरीस २६० ची भर पडलेली असते. म्हणून दुपारी पाणी दुधाळ दिसतं, टाईल्सवर पाण्याच्या रेषेला पांढरा पट्टा बसतो, फिल्टरमधली वाळू दगडासारखी होते. लोकांना वाटतं हे पण शेवाळ, आणि अजून क्लोरीन ओततात. दुधाळ पांढरं असेल तर आधी पीएच बघा, हिरवट असेल तर क्लोरीन-स्टॅबिलायझर बघा, एवढा फरक डोळ्याने करता आला पाहिजे.

पीएच ७.२ ते ७.६. गरम पाण्यातून कार्बन डायऑक्साइड पटकन निघून जातो, त्यात कोणी धबधबा, कारंजं, सिंहाच्या तोंडातून पाणी वगैरे लावलं असेल तर अजून पटकन, आणि पीएच वर चढत राहतो. ८ च्या वर गेला की चुना बाहेर पडायला लागतो आणि क्लोरीन पण मंद होतं. साध्या, म्हणजे स्टॅबिलायझर नसलेल्या, पाण्यात ७.५ ला निम्मं क्लोरीन कामाच्या रूपात असतं, ८ ला जेमतेम पाव. खाली आणायला तेच अॅसिड जे तुम्ही ठिबकच्या नळ्या धुवायला वापरता, हायड्रोक्लोरिक. तुमच्या पूलला ८.२ असेल तर एकदम पाच लिटर ओतू नका, एक लिटरने सुरू करा, पंप चालू ठेवून खोल बाजूला, पाणी आत येणाऱ्या तोंडासमोर, बारीक धारेने. वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. दोन-तीन तासांनी परत टेस्ट. बादलीत आधी पाणी घ्यायचं, मग त्यात अॅसिड, उलटं कधीच नाही. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची अॅसिड पचवायची ताकद, ती पण बघा, आपल्या बोअरच्या पाण्यात ती अडीचशे-तीनशे असते बऱ्याचदा आणि ती जास्त असली की पीएच चार दिवसांत परत चढतो. हळूहळू अॅसिडने ती ८० च्या आसपास आणली की रोजची कटकट निम्मी होते.

पाणी बदलून स्टॅबिलायझर ५० च्या आसपास आलं की मग शेवाळ मारायचं, आधी नाही, आधी केलं तर क्लोरीन ओतून ओतून थकाल. ह्यासाठी क्लोरीन स्टॅबिलायझरच्या चाळीस टक्क्यांपर्यंत न्यायचं, ५० असेल तर २० पीपीएम. ६० ग्रॅम गुणिले २०, १२०० ग्रॅम, म्हणजे १० टक्क्यांचं लिक्विड १२ लिटर. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर, पंप चालू. भिंती, पायऱ्यांचे कोपरे, शिडीच्या मागची बाजू, लाइटच्या कड्या, सगळं ब्रशने घासून काढा, शेवाळाच्या चिकट थराखाली क्लोरीन पोचत नाही. एकदा टाकून मोकळं व्हायचं नाही, पहिल्या दिवशी ते भसाभस संपतं, दर काही तासांनी मोजून परत २० ला आणायचं. पाणी हिरव्याचं राखाडी होईल, मग दुधाळ, मग साफ, तीन-चार दिवस धरा. ह्या काळात कोणीही उतरायचं नाही. कधी थांबायचं? रात्री अंधार पडल्यावर मोजा, सकाळी सूर्य उगवायच्या आधी मोजा. रात्री ऊन नसतं, म्हणजे रात्रीत जे कमी झालं ते कोणीतरी खाल्लंय. १ पीपीएमच्या आत घट असेल आणि तळ स्वच्छ दिसत असेल तर झालं. ही रात्रीची टेस्ट एवढी सोपी आणि एवढी खरी आहे की मला कोणी फोनवर विचारलं तर पहिले हेच दोन आकडे मागतो.

लिक्विड घेताना कॅनवरची तारीख बघा. दुकानाबाहेर पत्र्याखाली उन्हात ठेवलेला कॅन घेऊच नका. चाळीस डिग्रीत महिन्याभरात त्याची ताकद निम्म्यावर येते, तुम्ही १० टक्के समजून टाकता आणि असतं पाच. घरी पण सावलीत, हवेशीर जागी, आठ-दहा दिवसांपुरतंच आणून ठेवा.

नंतरचं रोजचं वेळापत्रक एवढंच. गोळी नाही, लिक्विड. संध्याकाळी पोहणं संपल्यावर मोजायचं, ७ पर्यंत न्यायचं. रात्रभर ते निवांत काम करतं, दिवसभरात ऊन आणि माणसं मिळून साधारण ३ खातात, दुसऱ्या संध्याकाळी ४ उरलेलं असतं. ३ पीपीएम म्हणजे तुमच्यासाठी रोजचं पावणेदोन-दोन लिटर लिक्विड. सकाळी टाकायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे, पूजेसारखी, आंघोळ झाली की क्लोरीन टाकायचं, पण ते सूर्याला नैवेद्य दाखवल्यासारखंच आहे. ७ ऐकून घाबरू नका, ५० स्टॅबिलायझर असताना ७ झोंबत नाही, डोळे झोंबतात ते वापरलेल्या क्लोरीनने आणि बिघडलेल्या पीएचने.

पंपाचं बोला तर शेतातल्या पूलची खरी अडचण लाइटची आहे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज आठ तास, ती पण कधी दिवसा कधी रात्री. रोज सहा-आठ तास फिरवणं गरजेचं आहे आणि क्लोरीन टाकताना पंप चालू असलाच पाहिजे, नाहीतर ते तळाला बसून टाईल-लाइनरचा रंग खातं. म्हणून ज्या आठवड्यात रात्रीची पाळी असेल तेव्हा उलट बरंच, ज्या आठवड्यात दिवसाची असेल तेव्हा लाइट जायच्या शेवटच्या तासात टाका. फिल्टरचं प्रेशर स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८-१० पीएसआयने वाढलं की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुवायचा, रोज रोज उगाच नाही, पाणी जातं.

तुरटी आणि मोरचुदाचं पण विचारलंय. तुरटीने गाळ बसतो खरा, पण मग तो फिल्टर बायपास करून थेट बाहेर ओढून टाकावा लागतो, आणि पीएच घसरतो. वर्षातून एखाद्या वेळेस ठीक. मोरचूद मात्र नको. द्राक्षाला, डाळिंबाला फवारतो तसं पूलमध्ये टाकणारे आहेत, शेवाळ मरतं, पण आपल्या जड पाण्यात तांबं टाईल्सवर निळे-काळे डाग पाडतं आणि पोरींचे केस हिरवे होतात. एका लग्नाच्या आधी असा प्रकार झालेला मी पाहिलाय, पुढचं विचारू नका.

आणि एक, हे सगळ्यात महत्त्वाचं असून मी उशिरा लिहितोय. सुरुवातीच्या काळात भुसावळकडच्या एका हॉटेलच्या पूलवर मी गोळ्यांचा चुरा असलेल्या बादलीतच कॅल्शियम हायपोची पावडर काढली. बादली थोडी ओली होती. आधी फसफस, मग पिवळा धूर, मग जाळ. मी बादली सोडून पळालो, तरी दोन दिवस खोकत होतो. गोळी आणि पावडर दोन्ही क्लोरीनच आहे मग काय होतंय, असं वाटतं, पण दोघं एकमेकांचे वैरी आहेत. वेगळे डबे, वेगळे चमचे, वेगळे कप्पे. अॅसिड आणि हायपो तर एका खोलीतच नको, मिसळले की क्लोरीन गॅस. आणि जो गडी हे टाकतो त्याला हे मराठीत, नाहीतर अहिराणीत नीट समजावून सांगा, डब्यावरचं इंग्रजी त्याने वाचावं अशी अपेक्षा ठेवू नका.

आखाजीचं सांगतो. माहेरवाशिणी, त्यांची पोरं, भाचे-पुतणे, एकदम तीस-चाळीस जण पाण्यात, डोक्याला तेल चोपडलेलं, अंगाला घाम. बाजूला एक शॉवर लावा आणि कोणालाही साबण लावून अंघोळ केल्याशिवाय उतरू देऊ नका, अर्धं क्लोरीन तिथेच वाचतं. आदल्या रात्री ८ पर्यंत न्या, दुपारी मोजा, ४ च्या खाली आलं असेल तर सगळ्यांना अर्धा तास बाहेर काढून आमरस-मांडे खाऊ घाला, तेवढ्यात लिक्विड टाका, पंप फिरवा, परत मोजून मग आत सोडा. आणि तळाची जाळी काठावरून स्पष्ट दिसत नसेल तर पाहुणे कितीही रुसले तरी पूल बंद. गढूळ पाण्यात खाली गेलेलं लेकरू दिसत नाही.

बरेच जण म्हणतात आमच्या विहिरीत आम्ही लहानपणी भोपळा बांधून पोहायचो, कोण क्लोरीन टाकायचं. खरंय, पण विहिरीत ऊन तासभर पडतं, झऱ्याचं नवं पाणी येत राहतं, खोली चाळीस फूट. पूल म्हणजे उथळ परात, दिवसभर उन्हात. म्हणूनच जमलं तर त्यावर हिरवी शेडनेट टाका, नर्सरीवाले टाकतात तीच पन्नास टक्क्यांची. ऊन निम्मं, पाणी उडणं कमी, क्लोरीन कमी लागतं. पाइप मात्र पक्के रोवा, मे महिन्यातलं जे वादळ केळी आडवी करतं ते शेडनेट पण उडवून नेतं. केळीच्या बागेला वाऱ्यासाठी शेवरी लावतो तशी पूलच्या पश्चिमेला लावली तर धूळ आणि गरम वारा दोन्ही अडतात, फक्त पाच-सहा फूट लांब लावा, पाला पाण्यात पडला की परत तेच काम.

पावसाळा लागला की पूल काठोकाठ भरून ठेवू नका असं सगळे सांगतात, मी त्याच्या पुढचं सांगतो. पहिल्या दोन पावसांची धूळ जाऊ द्या, मग तळातलं जुनं पाणी थोडं थोडं पंपाने काढून पावसाला जागा करून द्या. पावसाच्या पाण्यात ना चुना ना स्टॅबिलायझर. चांगला पाऊस झाला तर दिवाळीपर्यंत तुमचं बरंच पाणी फुकटात बदललेलं असेल, आणि पुढच्या होळीला टँकर कमी लागतील.